लाइट लुकलुकली की ब्लूटूथ गप्प: सिरियल पोर्टच्या गतीचा पुन्हापुन्हा येणारा घोळ

लक्षण ओळखीचं आहे. लिनक्स बोर्डावर बांधलेला गेटवे, म्हणजे सेन्सरांची माहिती ब्लूटूथने गोळा करून पुढे पाठवणारी पेटी, महिनोन्‌महिने बिनतक्रार चालतो. जूनमध्ये गडगडाट सुरू झाला, लाइट दोनदा लुकलुकली, बोर्ड आपोआप रीस्टार्ट झाला. वाय-फाय आलं, घड्याळ बरोबर लागलं, ब्लूटूथ मात्र उठत नाही. दुरून रीबूटची आज्ञा दिली तरी नाही, दहा वेळा दिली तरी नाही. पेटी उघडून वायर काढली आणि दहा सेकंदांनी परत लावली की पहिल्याच फटक्यात चालू.

पेटी म्हापशातल्या दुकानात असेल तर हे चालून जातं. पण पाण्याची पातळी आणि खारटपणा मोजणारे सेन्सर गोव्यातल्या चोडण किंवा दिवाडी बेटावरच्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत) मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दरवाजापाशी, बसवलेले असतील, तर ‘जरा वायर काढून लाव’ याचा अर्थ फेरीबोट आणि त्यापुढे पावसात बांधावरची चिखलातली चाल. म्हणून या दोषाच्या मुळाशी जाणं गरजेचं आहे. वायर काढून लावल्यावर काम होतं, हाच त्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. बिघाड चिपमध्ये नाही, फर्मवेअरमध्ये (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) नाही. चिप आणि ड्रायव्हर (तिच्याशी बोलणारा लिनक्समधला प्रोग्राम) वेगवेगळ्या गतीने बोलत आहेत.

गती कुठेकुठे ठरते

सिरियल पोर्टवरच्या, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीवरच्या, ब्लूटूथ चिपशी बोलताना दोन गती असतात: सुरुवातीची आणि कामाची. वीज मिळताच ब्रॉडकॉम घराण्यातली चिप ११५२०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला इतक्या बिटांच्या गतीवर, ऐकत बसते. ड्रायव्हर त्याच गतीने पहिली आज्ञा देतो, फर्मवेअर चढवतो आणि मग ‘आता ९२१६०० वर ये’ असं सांगतो. चिप जुन्याच गतीने होकार देते आणि गती बदलते. होकार मिळाल्यावर ड्रायव्हर आपल्या बाजूचा पोर्टही बदलतो.

आता प्रोसेसर रीस्टार्ट झाला, पण चिपची वीज तुटलीच नाही असं समजा. वॉचडॉगने (अडकलेल्या प्रोसेसरला आपोआप रीस्टार्ट करणाऱ्या टायमरने) रीसेट मारला, किंवा क्षणभर दाब पडून प्रोसेसर कोलमडला आणि पेटीतल्या बॅटरीने रेडिओ मॉड्यूल जिवंत ठेवलं. ड्रायव्हर नव्याने ११५२०० वर हाक मारतो. चिप अजून ९२१६०० वरच बसली आहे. तिच्या कानावर पडतो तो निव्वळ कचरा, म्हणून ती उत्तर देत नाही. साधा रीबूट पुन्हा तेच करतो, त्यामुळे दहा वेळा केला तरी फरक पडत नाही.

इथे पुष्कळ जण चकतात. ब्लूटूथची प्रमाणित रीसेट आज्ञा चिपला जुन्या गतीवर आणेल असं वाटतं. ब्लूटूथच्या मूळ विनिर्देशातच म्हटलं आहे की या रीसेटचा वाहतुकीच्या थरावर परिणाम होऊ नये. म्हणजे जोडण्या पुसल्या जातील, सिरियलची गती आहे तिथेच राहील. शिवाय ती आज्ञा चिपपर्यंत पोहोचायला आधी गती जुळलेली हवी.

आधी लॉग वाचा, मग हात लावा

कर्नलच्या लॉगमध्ये ब्लूटूथच्या ओळी शोधा. कोणत्या आज्ञेवर टाइमआउट झाला, त्याच्या हेक्स क्रमांकावरून अर्धं निदान होतं.

०सी०३ वर टाइमआउट आणि मागोमाग ‘रीसेट फेल्ड’ उणे ११०: पहिल्याच आज्ञेला उत्तर नाही. चिप बंद तरी आहे किंवा दुसऱ्या गतीवर तरी आहे. वर वर्णन केलेला दोष हाच.

एफसी१८ वर टाइमआउट: ही ब्रॉडकॉमची गती बदलण्याची आज्ञा. पहिलं बोलणं झालं आहे, अडलं ते बदलाच्या क्षणी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपांत याच कामाची आज्ञा एफएफ३६ आहे.

एफसी१८ यशस्वी, पण त्यानंतरची पहिली आज्ञा गप्प: चिप नव्या गतीवर गेली, पोर्ट तिथे पोहोचला नाही. रास्पबेरी पायच्या पीएल०११ पोर्टला ४८ मेगाहर्ट्झचं घड्याळ मिळतं आणि तो त्याला १६ ने भागतो, म्हणून कमाल गती ३०,००,०००. तुम्ही ४०,००,००० लिहिलंत तर चिप आज्ञा मानून पुढे निघून जाते आणि पोर्ट मागे राहतो.

‘फ्रेम रीअसेंब्ली फेल्ड’ उणे ८४: बाइट येत आहेत, पण अर्थ लागत नाही. एकतर गतीत थोडा फरक आहे, किंवा मधले बाइट गळत आहेत. यातलं कोणतं, हे पुढच्या आकड्यांवरून कळतं.

प्रॉक फोल्डरात टीटीवाय, त्यात ड्रायव्हर नावाचं फोल्डर आहे. पीएल०११ असेल तर त्यातली टीटीवायएएमए ही फाइल वाचा, ८२५० जातीचा पोर्ट असेल तर सिरियल ही फाइल. रूट म्हणूनच वाचा, कारण साध्या वापरकर्त्याला मोजणीचे आकडे दिसतच नाहीत. टीएक्स आणि आरएक्स म्हणजे गेलेले आणि आलेले बाइट. एफई म्हणजे फ्रेम एरर: हा आकडा वाढतोय तर गती जुळत नाही. ओई म्हणजे ओव्हररन: गती बरोबर आहे, पण बाइट उचलायला प्रोसेसरला उशीर होतोय. आरएक्स शून्यावरून हलतच नसेल तर चिप बोलतच नाही. त्याच ओळीच्या शेवटी आरटीएस, सीटीएस ही नावं येतात. या दोन तारांवरून दोन्ही बाजू एकमेकांना ‘पाठव’ किंवा ‘थांब’ सांगतात, यालाच फ्लो कंट्रोल म्हणतात. फ्लो कंट्रोल चालू आहे आणि सीटीएस दिसत नाही, तर ड्रायव्हर परवानगीची वाट पाहत थांबला आहे. अशा वेळी गती बदलून काही होणार नाही. किनाऱ्यालगतच्या पेट्यांत खाऱ्या हवेने पिन हेडर काळा पडून नेमकी सीटीएसची जोडणी सुटलेली असू शकते. पिन साफ करा, शक्यतो सोल्डरचा टाका मारून घ्या.

हे आकडे न बघता आधी गतीला हात घालणं ही या कामातली सर्वांत मोठी वेळखाऊ चूक आहे.

पक्का इलाज: रीसेटची तार

चिप नक्की ११५२०० वर यावी असं वाटत असेल, तर दर वेळी ड्रायव्हर सुरू होताना तिला खरोखर बंद करून चालू केलं पाहिजे. ब्रॉडकॉम आणि सायप्रेसच्या चिपांवर यासाठी बीटी रेग ऑन नावाचा पिन असतो. तो खाली ओढला की ब्लूटूथचा भाग रीसेटमध्ये जातो, वाय-फाय चालू असलं तरी. वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्हींचे रेग ऑन पिन खाली नेत असाल तर पुन्हा वर उचलण्याआधी किमान १० मिलिसेकंद थांबावं लागतं. आम्ही सरसकट १०० ठेवायला सांगू, कारण इथे घाई करून काहीच मिळत नाही. पिन वर गेल्यावर लिनक्सचा ड्रायव्हर स्वतःच सुमारे १०० मिलिसेकंद थांबतो.

हा पिन प्रोसेसरच्या एखाद्या जीपीआयओला (प्रोग्रामने वर-खाली करता येणाऱ्या पिनला) जोडा आणि डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या यादीत) सिरियल पोर्टच्या नोडखाली ब्लूटूथचा उपनोड करून त्यात ‘शटडाउन-जीपीआयओज’ हा गुणधर्म लिहा. ध्रुवता ‘ॲक्टिव्ह हाय’, म्हणजे पिन वर असताना चिप चालू. उलटी लिहिलीत तर ड्रायव्हर चिप चालू करायला जाईल आणि ती बंद होईल, लॉगमध्ये पुन्हा तेच ०सी०३. कामाची गती त्याच उपनोडमध्ये ‘मॅक्स-स्पीड’ या गुणधर्मात जाते. मधे आडवी रेघ आहे, खालची रेघ नाही. नाव चुकलं तर कर्नल तक्रार करत नाही, गुणधर्म मुकाट्याने सोडून देतो. म्हणून बूट झाल्यावर प्रॉकमधल्या डिव्हाइस-ट्री फोल्डरात जाऊन ती फाइल हेक्समध्ये वाचा: ९२१६०० साठी ०० ०ई १० ००, ११५२०० साठी ०० ०१ सी२ ००.

‘मॅक्स-स्पीड बरोबर लिहिलंय, फाइलही बरोबर दिसते, तरी पोर्ट ११५२०० वरच चालतो’ ही तक्रार वारंवार येते. त्याचं कारण ड्रायव्हरमध्येच लिहिलेलं आहे. अलीकडच्या कर्नलमधल्या ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरला शटडाउनचा जीपीआयओ सापडला नाही, तर तो ‘रीसेटचं साधन नाही, मूळ बॉड रेट वापरतो’ अशा अर्थाचा इशारा लॉगमध्ये टाकतो आणि गती वाढवतच नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी नेमका हाच धोका ओळखून घेतलेला निर्णय आहे: जिला परत खाली आणता येणार नाही, तिला वर पाठवू नये. तो योग्यच आहे, त्याला वळसा घालायला जाऊ नका.

मग दोष येतो कुठून? तीन ठिकाणांहून. जुना कर्नल, ज्यात ही खबरदारी नाही. डिव्हाइस ट्रीमध्ये जीपीआयओ लिहिला आहे, पण प्रत्यक्षात तार जोडलेलीच नाही किंवा भलत्याच पिनला आहे. ड्रायव्हरला वाटतं रीसेट दिला, चिपला पत्ताच नाही. हे मल्टिमीटरने तपासा: ड्रायव्हर काढला की पिनवर ० व्होल्ट, चढवला की पिनच्या वीजपुरवठ्याइतका दाब दिसला पाहिजे, १.८ किंवा ३.३. आणि तिसरं ठिकाण, जे सगळ्यांत जास्त सापडतं, म्हणजे बूटच्या वेळी बीटीअटॅच किंवा जुनं एचसीआयअटॅच चालवणारी स्क्रिप्ट. ही साधनं पोर्ट उघडतात आणि गती चढवतात, रीसेटच्या तारेशी त्यांचा संबंध नसतो. स्क्रिप्ट ठेवायचीच असेल तर अटॅचच्या आधी जीपीआयओ खाली, १०० मिलिसेकंद विश्रांती, जीपीआयओ वर, पुन्हा १०० मिलिसेकंद, हा क्रम तिच्यातच घाला.

दोन्ही पद्धती एकत्र चालवू नका. डिव्हाइस ट्रीमध्ये ब्लूटूथचा उपनोड आला की तो पोर्ट कर्नल स्वतःकडे घेतो आणि डेव्ह फोल्डरात त्याची टीटीवाय फाइल उरत नाही. ‘पोर्टच गायब झाला’ असं वाटतं, पण तसंच अपेक्षित आहे. एसटीटीवाय या आज्ञेने गती बदलायला जाण्यालाही तिथे अर्थ नाही. जिथे ती चालते तिथेही ती फक्त आपल्या बाजूचा पोर्ट बदलते, चिपला काही सांगत नाही.

तार ओढणं शक्यच नसेल तर

मॉड्यूलवर रीसेटचा पिन बाहेर काढलेलाच नाही, असेही बोर्ड असतात. तेव्हा दोन वाटा.

पहिली: कामाची गतीही ११५२०० च ठेवा. चिप दुसऱ्या गतीवर गेलीच नाही तर हरवणार कुठे? लोकांना हा इलाज कमीपणाचा वाटतो. हिशेब करून बघा. ११५२०० बॉडवर, एका बाइटला १० बिट धरून, सेकंदाला ११,५२० बाइट जातात. ब्लूटूथ लो एनर्जी सेन्सरच्या एका घोषणेत कमाल ३१ बाइट माहिती. वरचं वेष्टन धरून सिरियलवर ४६ बाइट. म्हणजे सेकंदाला २५० घोषणा. मानशीवर बारा सेन्सर असतील आणि प्रत्येक जण सेकंदाला एकदा ओरडत असेल, तरी रस्ता मोकळाच आहे. फर्मवेअर तसंही सुरुवातीच्या ११५२०० वरच चढतं, त्यामुळे तिथेही तोटा नाही. भरतीची पातळी मोजणाऱ्या यंत्राला ३०,००,००० ची गती कशासाठी हवी? आवाज पाठवायचा असेल तर मात्र हे पुरत नाही. ब्लूटूथ स्पीकरला चांगल्या दर्जाचा एसबीसी आवाज सेकंदाला ३२८ किलोबिट, म्हणजे ४१,००० बाइट मागतो. तिथे ९२१६०० हवंच.

दुसरी वाट: ड्रायव्हर सुरू होण्याआधी एका छोट्या प्रोग्रामने चिपला खाली आणणं. पोर्ट कामाच्या गतीवर उघडा आणि हे दहा बाइट पाठवा: ०१ १८ एफसी ०६ ०० ०० ०० सी२ ०१ ००. शेवटचे चार म्हणजे ११५२००, पण इथे लहान बाइट आधी. डिव्हाइस ट्रीमध्ये तोच आकडा उलट क्रमाने असतो, गोंधळू नका. चिप त्या गतीवर असेल तर ०४ ०ई ०४ ०१ १८ एफसी ०० हे सात बाइट परत येतील. आले तर ठीक. अर्ध्या सेकंदात काहीच आलं नाही, तर ती आधीच ११५२०० वर आहे असं धरून पोर्ट बंद करा आणि ड्रायव्हरला पुढे जाऊ द्या. चुकीच्या गतीने आलेले ते दहा बाइट तिच्या कानात कचरा म्हणून पडलेले असतात, त्यामुळे मग पहिली आज्ञा क्वचित वाया जाते. ड्रायव्हर एकदा पडला तर दुसऱ्यांदा चढवण्याची सोय ठेवा. ही वाट चालते, पण ती ठिगळ आहे. नवा बोर्ड काढताना रीसेटची तार जरूर ओढा.

गती तीच, तरी कचरा

रास्पबेरी पायवर दोन जातींचे पोर्ट आहेत. पीएल०११ चं घड्याळ स्थिर असतं: ११५२०० मागितल्यावर ११५१७७ मिळतं, फरक ०.०२ टक्के. मिनी यूआरटी मात्र प्रोसेसरच्या कोअर घड्याळावरून गती काढतो. २५० मेगाहर्ट्झला भाजक २७१ घेतला की ११५३१४ मिळतं, तेही उत्तम. पण भार वाढून कोअर ४०० वर गेला आणि भाजक तोच राहिला, तर गती १८४५०२ होते आणि सगळंच बिघडतं. म्हणून मिनी यूआरटी वापरताना कॉन्फिग फाइलमध्ये ‘एनेबल यूआरटी’ची किंमत १ करा. पाय ३ वर त्यानेच कोअरची गती बांधली जाते. रेडिओ मॉड्यूलसाठी शक्य तिथे पीएल०११ च द्या.

किती फरक चालतो? आठ बिट, पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट, या मांडणीत घेणारा शेवटचा बिट साडेनऊ बिटांच्या अंतरावर तपासतो. तिथे अर्धा बिट घसरला की संपलं, म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून जास्तीत जास्त सव्वापाच टक्के. प्रत्यक्षात एका बाजूला दोन टक्क्यांच्या आत राहा. १६ मेगाहर्ट्झच्या आर्डुइनो उनोवर ११५२०० मागितलं की दुप्पट गतीच्या पद्धतीत ११७६४७ मिळतं, म्हणजे २.१ टक्के जास्त. समोरची चिप उलट दिशेला दीड-दोन टक्के ढळली असेल तर कधी चालेल, कधी नाही. त्याच बोर्डवर ३८४०० ला फरक फक्त ०.१६ टक्के आहे. गती उतरवा, प्रश्न मिटतो.

ईएसपी८२६६ ही वाय-फाय चिप चालू होताना पहिल्या दोन-चार ओळी कचरा येतात आणि मग सगळं स्वच्छ दिसतं, तो बिघाड नाही. २६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर तिचा बूट लॉग ७४८८० बॉडने येतो.

आणि गती अगदी बरोबर असूनही उत्तर नाही, चिप रिअलटेकची आहे, तर पॅरिटी बघा. तिचा तीन तारांचा प्रोटोकॉल ११५२०० वर सुरू होतो खरा, पण सम पॅरिटीने. ‘पॅरिटी नाही’ ठेवून गतीचे सगळे आकडे फिरवत बसलात तर दिवस जाईल.

ओव्हररन वाढत असेल तर

९२१६०० वर एक बाइट ११ मायक्रोसेकंदांत येतो. पोर्टची साठवण १६ बाइटांची असेल तर ती १७४ मायक्रोसेकंदांत भरते, ३०,००,००० वर ५३ मध्ये. तेवढ्यात प्रोसेसर आला नाही तर बाइट गळतो. म्हणून आरटीएस-सीटीएसच्या दोन्ही तारा असल्याशिवाय वरची गती वापरू नये. रास्पबेरी पायची जुनी स्क्रिप्टही हेच पाळते: तारा असतील तर फ्लो कंट्रोलसह ३०,००,०००, नसतील तर त्याविना ९२१६००, आणि मिनी यूआरटीवर ४६०८००. बीटीअटॅचमध्ये फ्लो कंट्रोल आपोआप चालू असतं. तारा नसतील तर मोठ्या एनचा पर्याय द्यावा लागतो, गती मोठ्या एसने.

चिप गती विसरते की लक्षात ठेवते

वरचं सगळं, वीज गेली की गती विसरणाऱ्या चिपांबद्दल. काही मॉड्यूल ती फ्लॅशमध्ये लिहून ठेवतात आणि तिथे वायर काढून लावणं निरुपयोगी ठरतं. एचसी-०५ या ब्लूटूथ मॉड्यूलला माहितीसाठी दिलेली गती कायम राहते, आणि आज्ञा घेण्याच्या पद्धतीत ते ३८४०० वर ऐकतं. एचसी-१२ रेडिओचंही तसंच. शिवाय त्याच्या नेहमीच्या पद्धतीत सिरियलची गती वाढवली की हवेतली गतीही वाढते आणि पल्ला घटतो. ९६०० वर त्याची ग्रहणक्षमता उणे ११२ डीबीएम आहे, ११५२०० वर उणे १००, म्हणजे क्षीण संदेश त्याला ऐकू येत नाहीत. बांधाच्या दोन टोकांमधला दुवा तुटला तर आधी कुणी ‘वेग वाढवला’ का ते विचारा. ईएसपीच्या एटी फर्मवेअरमध्ये दोन वेगळ्या आज्ञा आहेत: शेवटी ‘कर’ असलेली तात्पुरती, ‘डेफ’ असलेली कायमची. प्रयोग करताना नेहमी पहिली वापरा.

दुरुस्ती झाली हे कसं ठरवायचं

पेटी बंद करण्याआधी वायर न काढता सलग २० वेळा रीबूट करा, त्यातले निम्मे वॉचडॉगकडून, म्हणजे प्रोसेसर मुद्दाम अडकवून. दर वेळी ब्लूटूथ आलं पाहिजे आणि लॉगमध्ये ०सी०३ चा टाइमआउट एकदाही दिसता कामा नये. मग सगळे सेन्सर चालू ठेवून तासभर सोडा आणि एफई, ओई हे आकडे पुन्हा वाचा. एफई शून्यच हवा. चिपला वीज मिळताना तारेवर उमटलेल्या धक्क्यामुळे सुरुवातीला एखादा दिसला तर चालेल, पण तो त्यानंतर वाढता कामा नये. ओई एकनेही वाढला असेल तर गती एक पायरी खाली आणा आणि तास पुन्हा मोजा. शेवटी पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला तीन गोष्टी पक्क्या शाईने लिहून ठेवा: सुरुवातीची गती, कामाची गती, रीसेटचा जीपीआयओ क्रमांक.